इंग्रजी प्रश्न इनडायरेक्ट स्पीचमध्ये नेताना: आधी कच्ची ओळ, मग काळ

ही आस्क्ड मी दॅट व्हेअर डिड आय लिव्ह?

या एका ओळीत तीन चुका आहेत: दॅट, प्रश्नाचाच शब्दक्रम आणि शेवटचं प्रश्नचिन्ह. दहावीच्या शिकवणीपासून पुण्यातल्या शास्त्री रोडच्या आसपासच्या अभ्यासिकांपर्यंत, वहीमागून वहीत त्या तिन्ही जोडीने भेटतात. असं वाक्य लिहिणाऱ्याला काळ बदलायचे नियम मात्र तोंडपाठ असतात. विलचं वुड, कॅनचं कुड, इजचं वॉज, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. घोटाळा त्याच्या आधी झालेला असतो. प्रश्न अजून प्रश्नच असतो आणि त्या अवस्थेतच त्याचा काळ बदललेला असतो.

दुसऱ्याचं बोलणं अवतरणचिन्हांशिवाय आपल्या वाक्यात सांगायचं, हेच इनडायरेक्ट स्पीच. मराठीत आपल्याला ही कसरत करावी लागत नाही. 'त्याने मला विचारलं, तू कुठे राहतोस' किंवा 'त्याने विचारलं की तू कुठे राहतोस', दोन्ही वाक्यं सुखाने चालतात. प्रश्न जसाच्या तसा उचलून ठेवला तरी आपला कान तक्रार करत नाही, आणि तोच कान इंग्रजीतही गप्प राहतो. इंग्रजीत मात्र आधी प्रश्न मोडून त्याचं साधं विधान करावं लागतं. ते विधान डोक्यात करण्यापेक्षा कागदावर करा. मी त्याला कच्ची ओळ म्हणतो. खाली दिलेली सगळी रीत त्या एका ओळीभोवती आहे.

इथली इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने वाचा आणि वहीत इंग्रजी लिपीत उतरवून घ्या. नुसती नजर फिरवून हा विषय येत नाही.

तयारी: पेन उचलण्याआधी

क्रियापदाची तीन रूपं पाठ हवीत. गो-वेन्ट-गॉन, सी-सॉ-सीन, ब्रेक-ब्रोक-ब्रोकन, टेक-टुक-टेकन, रिंग-रँग-रंग. कम-केम-कम आणि पुट-पुट-पुट यांच्यासारखी फसवी रूपं वेगळ्या पानावर लिहून ठेवा. हॅडनंतर तिसरं रूप लागतं. ते येत नसेल तर पुढचे नियम कितीही घोका, 'हॅड वेन्ट' लिहिलं जाणारच.

मग दिलेल्या वाक्यावर पेन्सिलने तीन खुणा करा: बोलणारा कोण, ऐकणारा कोण, आणि बाहेरचं क्रियापद कुठल्या काळातलं. बाहेरचं म्हणजे अवतरणचिन्हांच्या बाहेरचं, सेड किंवा सेज. पेपर काढणारे बोलणाऱ्याला मुद्दाम शेवटी टाकतात:

"रोहन, व्हेअर आर यू गोइंग?" सेड आई.

इथे बोलणारी आई, ऐकणारा रोहन. उत्तर आईपासून सुरू होईल, आणि स्वल्पविराम देऊन मारलेली 'रोहन' ही हाक आतून बाहेर येऊन ऐकणाऱ्याच्या जागी बसेल:

आई आस्क्ड रोहन व्हेअर ही वॉज गोइंग.

हाक आतच ठेवून 'आई आस्क्ड दॅट रोहन व्हेअर' असं लिहिणारे बरेच आहेत. खुणा केल्या असत्या तर ही वेळ आली नसती.

तपासणी: बोलणारा आणि ऐकणारा, दोघांची नावं वहीच्या समासात लिहिली का? ऐकणारा दिलेलाच नसेल तर 'हिम' किंवा 'मी' असा कोणी तरी एक धरा आणि वाक्य संपेपर्यंत त्याला सोडू नका.

टप्पा १: प्रश्नाची जात ओळखा

प्रश्नाचा फक्त पहिला शब्द बघा.

व्हॉट, व्हेअर, व्हेन, व्हाय, हू, हूज, व्हिच, हाऊ यांपैकी काही असेल तर तो डब्ल्यूएच प्रश्न. इज, आर, डू, डझ, डिड, हॅव, विल, कॅन असं सहायक क्रियापद असेल तर उत्तर हो किंवा नाही असं येणारा प्रश्न.

तिसरी जात दिसायला प्रश्नाची, पण खरं काम विनंतीचं किंवा सूचनेचं. "विल यू प्लीज ओपन द विंडो?" असं विचारणाऱ्याला माहिती नको असते, खिडकी उघडून हवी असते. अशी वाक्यं इथेच बाजूला काढा. त्यांचा रस्ता वेगळा आहे, तो पुढे येईल.

टप्पा २: बाहेरची बाजू आणि जोडणारा शब्द

सेड टू जाऊन आस्क्ड येतो, सेज टू जाऊन आस्क्स येतो. स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हं जातात.

डब्ल्यूएच प्रश्नाला वेगळा जोडशब्द लागत नाही, तो व्हेअर-व्हायच जोडायचं काम करतो. हो-नाही प्रश्नाला इफ किंवा व्हेदर लावा. दोन्ही चालतात. प्रश्नात 'ऑर' असेल, म्हणजे चहा की कॉफी असा पर्याय असेल, तर व्हेदर जास्त बरा.

सावधान, या टप्प्यावर चार खड्डे आहेत.

'आस्क्ड टू मी' चूक. मराठीतला 'मला' मनात घोळत असतो म्हणून 'टू' आपोआप हातातून उतरतो. आस्क्ड मी एवढंच पुरे.

'आस्क्ड दॅट' चूक. 'विचारलं की' मधल्या 'की'साठी दॅट येतो तो विधानांत. आस्क्डनंतर प्रश्न आला की दॅटचं काम नाही.

'आस्क्ड मी इफ व्हेअर' चूक. दोन जोडशब्द एकत्र नांदत नाहीत.

'टोल्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड' हे व्याकरणात बसतं, पण अर्थ उलटा होतो: मी कुठे राहतो हे त्यानेच मला सांगितलं! काही जण भारदस्त दिसावं म्हणून एन्क्वायर्ड लिहितात. त्याच्यापुढे ऐकणारा आला की 'ऑफ' लागतं, आणि ते नेमकं विसरतं. परीक्षेत आस्क्ड लिहून मोकळे व्हा.

टप्पा ३: कच्ची ओळ

या टप्प्यावर घाई करू नका, निम्मं काम इथेच होतं. प्रश्नाचं विधान करायचं. काळ तोच, सर्वनामं तीच, फक्त शब्दांची जागा बदलायची. आधी कर्ता, मग क्रियापद.

मूळ: द कंडक्टर सेड टू मी, "व्हेअर आर यू गेटिंग डाउन?"
कच्ची ओळ: व्हेअर यू आर गेटिंग डाउन
उत्तर: द कंडक्टर आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गेटिंग डाउन.

कच्ची ओळ जरा विचित्र दिसते, दिसू दे. ती कच्ची आहे, तपासनीसाला दाखवायची नाही.

कर्ता लांबलचक असला की गडबड होते. स्वारगेटला कोणी तरी विचारतं:

मूळ: द ओल्ड मॅन सेड टू अस, "व्हेअर इज द बस फॉर हडपसर?"
कच्ची ओळ: व्हेअर द बस फॉर हडपसर इज
उत्तर: द ओल्ड मॅन आस्क्ड अस व्हेअर द बस फॉर हडपसर वॉज.

इथे कर्ता नुसता 'द बस' नाही, 'द बस फॉर हडपसर' एवढा आहे. इज त्या सगळ्याच्या मागे जातो. 'व्हेअर द बस वॉज फॉर हडपसर' असं मध्येच कापलेलं वाक्य वह्यांत नेहमी दिसतं. उपाय सोपा: कर्त्याला पहिल्यापासून शेवटच्या शब्दापर्यंत चौकट घाला आणि क्रियापद चौकटीच्या बाहेर ठेवा. 'द शॉप्स ऑन लक्ष्मी रोड', 'द की ऑफ द फ्लॅट', सगळ्यांना हीच युक्ती.

प्रश्नशब्दाबरोबर आलेलं नामही त्याच्याजवळच राहतं. हाऊ मेनी टिकेट्स, व्हिच प्लॅटफॉर्म, हूज स्कूटर हे जोडीने हलतात. "हाऊ मेनी टिकेट्स डू यू वॉन्ट?" याची कच्ची ओळ 'हाऊ मेनी टिकेट्स यू वॉन्ट'. टिकेट्स मागे टाकून 'हाऊ मेनी यू वॉन्ट टिकेट्स' करू नका.

आता डू, डझ, डिड. सगळ्यात जास्त गुण इथे जातात.

ही तिघं प्रश्न उभा करायला आणलेली असतात. प्रश्न मोडला की त्यांची गरज संपते, पण जाताना ती आपली खूण मुख्य क्रियापदावर ठेवून जातात. डू गेला की क्रियापद तसंच राहतं. डझ गेला की क्रियापदाला एस लागतो. डिड गेला की क्रियापदाचं दुसरं रूप होतं.

डू यू लिव्ह: यू लिव्ह
डझ शी वर्क: शी वर्क्स
डिड यू सी: यू सॉ

शेवटची ओळ पुन्हा वाचा. 'यू सॉ' ही पायरी जो गाळतो तोच पुढे 'हॅड सॉ' नाही तर 'हॅड सी' लिहितो. पायरी लिहिली की सॉ हा साधा भूतकाळ डोळ्यांसमोर येतो, आणि साध्या भूतकाळाचं हॅड सीन होतं हे तुम्हाला आधीपासून येतच असतं.

मूळ: द इन्स्पेक्टर सेड टू हर, "व्हेअर डिड यू सी द कार?"
कच्ची ओळ: व्हेअर यू सॉ द कार
उत्तर: द इन्स्पेक्टर आस्क्ड हर व्हेअर शी हॅड सीन द कार.

सावधान: नकार असेल तर डू, डझ, डिड जात नाहीत. 'नॉट'ला टेकायला काही तरी लागतं. "व्हाय डिडन्ट यू कम?" याची कच्ची ओळ 'व्हाय यू डिड नॉट कम'. उत्तरात डिड नॉटचं हॅड नॉट होईल: व्हाय आय हॅड नॉट कम. तसंच "व्हाय डोन्ट यू ईट कारली?" याची कच्ची ओळ 'व्हाय यू डू नॉट ईट कारली', आणि उत्तरात व्हाय आय डिड नॉट ईट कारली. 'डिड काढा' एवढाच नियम पाठ केलेली मुलं इथे 'व्हाय आय नॉट केम' लिहून येतात. त्यांना दोष तरी काय द्यायचा, शिकवणाऱ्यानेच नियम अर्धा सांगितलेला असतो.

दुसरा अपवाद: प्रश्नशब्द स्वतःच कर्ता असतो तेव्हा जागा बदलायचीच नाही.

मूळ: आजोबा सेड, "हू ब्रोक द फ्लॉवरपॉट?"
कच्ची ओळ: हू ब्रोक द फ्लॉवरपॉट
उत्तर: आजोबा आस्क्ड हू हॅड ब्रोकन द फ्लॉवरपॉट.

ओळखायचं कसं? प्रश्नशब्दाच्या जागी उत्तर ठेवून बघा. 'मिनी ब्रोक द फ्लॉवरपॉट' असं सरळ वाक्य झालं, म्हणजे हू हाच कर्ता. "हू डिड यू मीट?" मध्ये हूच्या जागी मिनी ठेवली तर 'मिनी डिड यू मीट' होतं, ते वाक्यच नाही. तिथे कर्ता यू आहे, म्हणून कच्ची ओळ 'हू यू मेट'. "व्हिच बस गोज टू सिंहगड?" यातही प्रश्नशब्दच कर्ता: व्हिच बस वेन्ट टू सिंहगड. "व्हॉट हॅपन्ड?" हाही तसाच: व्हॉट हॅड हॅपन्ड.

"व्हॉट इज द मॅटर?" बद्दल दर वर्षी वाद होतो. 'व्हॉट द मॅटर वॉज' आणि 'व्हॉट वॉज द मॅटर' ही दोन्ही रूपं चांगल्या इंग्रजीत सापडतात. वर्गात जे शिकवलं असेल ते लिहा आणि पुढे चला.

तपासणी: कच्च्या ओळीतून प्रश्नशब्द झाकून उरलेलं वाचा. 'यू आर गेटिंग डाउन', 'यू सॉ द कार', 'द बस फॉर हडपसर इज'. कर्ता पुढे आणि क्रियापद मागे असा क्रम ऐकू आला पाहिजे. 'आर यू', 'डिड यू', 'इज द बस' ऐकू आलं तर प्रश्न अजून मोडलेला नाही. चौथ्या टप्प्याकडे जाऊ नका.

टप्पा ४: सर्वनामं

प्रश्न मोडला की पुढचं सगळं विधानासारखंच आहे. सर्वनामांसाठी शिकवण्यांत एस-ओ-एन ही खूण चालते: पहिला पुरुष सब्जेक्टप्रमाणे, दुसरा पुरुष ऑब्जेक्टप्रमाणे, तिसऱ्यात नो चेंज. नियम बरोबर आहे. पण तयारीत समासात बोलणारा-ऐकणारा लिहिला असेल तर नियम आठवावाही लागत नाही. आय, माय, मी म्हणजे बोलणारा. यू, युअर म्हणजे ऐकणारा.

मूळ: द शॉपकीपर सेड टू माय मदर, "कॅन आय हेल्प यू?"
कच्ची ओळ: आय कॅन हेल्प यू
उत्तर: द शॉपकीपर आस्क्ड माय मदर इफ ही कुड हेल्प हर.

लक्ष द्या, यू इथे कर्म आहे, म्हणून हर. शी नाही. यू दोन्ही जागी सारखाच दिसतो, पण ही-हिम, शी-हर, दे-देम वेगळे दिसतात. आणि सर्वनाम बदललं की क्रियापद त्याला जुळतं का ते बघा: यू आरचं आय वॉज होतं, आय वेअर नाही.

टप्पा ५: आता काळ

बाहेर सेज किंवा विल से असेल तर आतल्या काळाला हात लावायचा नाही. आई सेज टू मी, "व्हेन विल यू कम होम?" याचं आई आस्क्स मी व्हेन आय विल कम होम. इथे वुड लिहिणारे सवयीने लिहितात. म्हणून तर बाहेरच्या क्रियापदाच्या काळावर पहिल्याच पायरीला खूण करायला सांगितली.

बाहेर सेड असेल तर कच्च्या ओळीतलं क्रियापद एक पायरी मागे:

लिव्ह, लिव्ह्ज यांचं लिव्ह्ड
अॅम, इज, आर यांचं वॉज, वेअर
हॅव सीन, हॅज सीन यांचं हॅड सीन
सॉ याचंही हॅड सीन
वॉज गोइंगचं हॅड बीन गोइंग
हॅव बीन वेटिंगचं हॅड बीन वेटिंग
विलचं वुड, कॅनचं कुड, मेचं माइट
सक्ती सांगणाऱ्या मस्टचं हॅड टू

कुड, वुड, शुड, माइट आणि आधीच हॅड असलेला काळ जागचा हलत नाही. 'शुड'चं 'शुड हॅव' करणारे उत्साही असतात, त्याची गरज नाही.

दोन हॅड शेजारी आले की मुलं घाबरतात. "डिड यू हॅव ब्रेकफास्ट?" याची कच्ची ओळ 'यू हॅड ब्रेकफास्ट', आणि उत्तर इफ आय हॅड हॅड ब्रेकफास्ट. पहिला हॅड काळाचा, दुसरा नाश्त्याचा. खोडू नका. उलट "डू यू हॅव अ टिकेट?" मध्ये भूतकाळ नाहीच. कच्ची ओळ 'यू हॅव अ टिकेट', उत्तर इफ आय हॅड अ टिकेट. एकच हॅड.

जे आजही खरं आहे ते वर्तमानात ठेवता येतं. सरांनी वर्गात विचारलं, "व्हेअर डझ द मुठा मीट द मुळा?" नद्या आजही संगमावरच भेटतात, त्यामुळे सर आस्क्ड अस व्हेअर द मुठा मीट्स द मुळा. डझ गेला आणि मीटला एस लागला, एवढाच बदल. इतिहासातल्या ठरलेल्या घटनाही मागे सरकवायची गरज नाही. पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटलं, तुम्ही कधीही विचारा, तारीख तीच. "व्हेन डिड द पानशेत डॅम बर्स्ट?" याचं व्हेन द पानशेत डॅम बर्स्ट. बर्स्टची तिन्ही रूपं सारखी, म्हणून इथे काही बदललेलंच दिसत नाही, पण डिड गेलाय हे बघा.

टप्पा ६: वेळ आणि जागा

टुडेचं दॅट डे, टुमॉरोचं द नेक्स्ट डे, यस्टर्डेचं द प्रीव्हियस डे, लास्ट नाइटचं द प्रीव्हियस नाइट, नेक्स्ट वीकचं द फॉलोइंग वीक, नाउचं देन, अगोचं बिफोर, हिअरचं देअर, धिसचं दॅट, दीजचं दोज. यादी पाठ करण्यात काही अडचण नाही, लोक ती लावायला विसरतात. काळ बदलून झाला की हुश्श करून पेन खाली ठेवतात आणि वाक्याच्या शेवटी टुमॉरो तसाच राहतो. म्हणून उत्तर लिहून झालं की वाक्य शेवटाकडून एकदा वाचा. हे शब्द बहुतेक वेळा शेवटीच असतात.

प्रत्यक्ष बोलताना मात्र ही यादी आंधळेपणाने लावू नका. सकाळी कोणी विचारलं आणि दुपारी त्याच दिवशी तुम्ही ते सांगताय, तर टुडे हा टुडेच. परीक्षेत असा संदर्भ दिलेला नसतो, तिथे बदलायचं.

टप्पा ७: शेवट

प्रश्नचिन्ह काढा, पूर्णविराम द्या. सगळं बरोबर करून शेवटी सवयीने प्रश्नचिन्ह टाकणारे खूप आहेत. विचारण्याची गोष्ट तुम्ही सांगताय, आता तुम्ही स्वतः काही विचारत नाही आहात.

बाजूला काढलेली वाक्यं

विनंती: "विल यू प्लीज ओपन द विंडो?" याचं रिक्वेस्टेड मी टू ओपन द विंडो. इथे इफही नाही आणि कच्ची ओळही नाही. प्लीज गळतो, कारण रिक्वेस्टेडमध्ये तो आलाच. "कॅन यू लेंड मी युअर पेन?" हीसुद्धा विनंतीच. 'आस्क्ड हर इफ शी कुड लेंड हिम हर पेन' लिहिलं तर व्याकरण मोडत नाही, पण आस्क्ड हर टू लेंड हिम हर पेन जास्त नेमकं.

शॅलचा मात्र अर्थ बघावा लागतो. "शॅल आय मेक टी?" ही तयारी दाखवणं किंवा परवानगी मागणं: आस्क्ड इफ ही शुड मेक टी. "शॅल आय पास?" असं निकालाआधी कोणी विचारलं तर तो निव्वळ भविष्यकाळ: इफ ही वुड पास. "शॅल वी गो टू पर्वती?" म्हणजे चला जाऊ या, म्हणून सजेस्टेड गोइंग टू पर्वती. सजेस्टेडनंतर 'टू गो' लिहू नका.

शेपटीचे प्रश्न: "यू आर फ्रॉम कोथरूड, आरन्ट यू?" शेपटी कापा, आस्क्ड मी इफ आय वॉज फ्रॉम कोथरूड. ती बदलून पुन्हा जोडायचा प्रयत्न करू नका, हमखास फसतो.

विधान आणि प्रश्न एकत्र: "इट इज रेनिंग. हॅव यू ब्रॉट ॲन अंब्रेला?" दोन वाक्यं, दोन क्रियापदं. शी टोल्ड मी दॅट इट वॉज रेनिंग अँड आस्क्ड मी इफ आय हॅड ब्रॉट ॲन अंब्रेला. एकाच टोल्डवर दोन्ही ओढू नका.

दुरुस्तीसाठी चार उत्तरं

खालचा भाग झाका, चूक शोधा, मग वाचा.

शी आस्क्ड मी व्हॉट वॉज माय नेम. तपासनीस सवयीने सोडूनही देईल, पण कच्ची ओळ लिहिलेलीच नाही. व्हॉट माय नेम वॉज.

ही आस्क्ड देम दॅट डिड दे नो द वे. दॅट चूक, डिडही चूक. इफ दे न्यू द वे. डू यू नोची कच्ची ओळ 'यू नो', त्याचं एक पायरी मागे न्यू.

बाबा आस्क्ड टू मी व्हाय आय वॉज लेट टुडे. आस्क्ड मी आणि दॅट डे. मधला भाग अगदी बरोबर असूनही दोन्ही टोकांना गुण गेले.

द टीचर आस्क्ड हर इफ शी हॅड डिड द होमवर्क. मूळ प्रश्न "हॅव यू डन युअर होमवर्क?" हॅडनंतर तिसरं रूप, डन. शिवाय युअर होमवर्कचं हर होमवर्क व्हायला हवं होतं, 'द' कुठून आला?

सरावासाठी

प्रत्येकाची कच्ची ओळ आधी लिहा. ती न लिहिता उत्तर बरोबर आलं तरी स्वतःला गुण देऊ नका.

१. द रिक्षावाला सेड टू अस, "व्हेअर डू यू वॉन्ट टू गो?"
२. आजी सेड टू मी, "हॅव यू टेकन युअर मेडिसिन?"
३. "व्हाय डिडन्ट यू रिंग द बेल?" द ओनर सेड टू द पोस्टमन.
४. द टीचर सेड टू नेहा, "हू हेल्प्ड यू यस्टर्डे?"
५. द टूरिस्ट सेड टू द गाइड, "इज द रोड टू सिंहगड ओपन टुडे?"
६. बाबा सेज टू मी, "डिड यू पे द लाइट बिल?"
७. "आय हॅव लॉस्ट माय पास. व्हॉट शुड आय डू?" द बॉय सेड टू द कंडक्टर.

उत्तरं:

१. द रिक्षावाला आस्क्ड अस व्हेअर वी वॉन्टेड टू गो. वॉन्टेड पुरे. टू गो हलत नाही, 'टू वेन्ट' असं काही नसतं.
२. आजी आस्क्ड मी इफ आय हॅड टेकन माय मेडिसिन.
३. द ओनर आस्क्ड द पोस्टमन व्हाय ही हॅड नॉट रंग द बेल. रँग लिहिलं असेल तर तयारीच्या पानाकडे परत जा.
४. द टीचर आस्क्ड नेहा हू हॅड हेल्प्ड हर द प्रीव्हियस डे.
५. द टूरिस्ट आस्क्ड द गाइड इफ द रोड टू सिंहगड वॉज ओपन दॅट डे. चौकट 'द रोड टू सिंहगड' एवढी.
६. बाबा आस्क्स मी इफ आय पेड द लाइट बिल. हॅड पेड लिहिलं असेल तर बाहेरच्या सेजवर खूण केलेली नाही. डिड गेला म्हणून पेचं पेड झालं, तो काळाचा बदल नाही.
७. द बॉय टोल्ड द कंडक्टर दॅट ही हॅड लॉस्ट हिज पास अँड आस्क्ड हिम व्हॉट ही शुड डू. इथे ही म्हणजे मुलगा आणि हिम म्हणजे कंडक्टर. समासात दोघांची नावं लिहिली असतील तर ही आणि हिम यांची अदलाबदल होणार नाही.